चिखलावरची निवटी: ऐरोली ते दिवाळे, प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

खेकडा, म्हणजे आमचा पहिला रोबो, आज कायमचा खोलला. बारा सर्व्हो (सांधे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) डब्यात भरले, पाय भंगारात टाकले. खरं तर नोंदी त्याच्यापासूनच ठेवायला हव्या होत्या, पण तेव्हा वाटलं होतं की दोन महिन्यांत सगळं उरकेल.

मागचं थोडक्यात. माझी भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला प्रोजेक्टसाठी खाडीच्या चिखलावर चालणारा रोबो करायचाय. मी रबाळ्याला एमआयडीसीत पंपांच्या देखभालीवर फिटर, राहायला ऐरोलीत. त्यामुळे मामाला कुणी विचारलं नाही, मामा धरूनच चालले. चिखल म्हणजे खेकडा, हे दोघांच्याही डोक्यात एकदमच आलं आणि दोघांनीही ते तपासून पाहिलं नाही. पैसे वाचवायला आठाऐवजी सहा पाय घेतले. एमजी९०एस सर्व्हो बारा, २३० रुपयांना एक, म्हणजे २,७६०. पाय थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले, ४१० ग्रॅम, ग्रॅमला ७ रुपये, म्हणजे २,८७०. एकूण ५,६३० रुपये आणि सात आठवडे.

घरच्या फरशीवर तो झकास चालायचा. दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीशेजारी चिखलात ठेवला, तर दुसऱ्या पावलाला पोटापर्यंत रुतला. हिशोब केला तो घरी आल्यावर: वजन १.४ किलो, एका वेळी तीन पाय टेकलेले, प्रत्येक पायाचं टोक जेमतेम १ चौरस सेंमी. म्हणजे दर चौरस सेंमीवर साधारण ४६५ ग्रॅम. हा तर खिळा झाला. आम्ही खेकड्याची आकृती उचलली आणि त्याचं वजन विसरलो.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी फुकट मिळाली. खेकडा रुतून घरघरत होता आणि त्याच्या चारी बाजूंनी निवट्या (चिखलावर परांनी सरकणारे छोटे मासे) फिरत होत्या. एक तर सरळ त्याच्या पाठीवर चढून बसली. भाची म्हणाली, "मामा, ही मासळी असून आपल्यापेक्षा बरी चालते."

दिवाळ्यालाच का जातो, तर ऐरोलीच्या घराजवळची खाडी हा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग आहे. २०१५ साली तो जाहीर झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय चिखलात उतरायचं नाही. खारफुटीतही आम्ही जात नाही. दिवाळ्याला जेट्टीच्या बाजूला होड्या लावायची उघडी जागा आहे आणि तिथल्या ओळखीच्या काकांनी हो म्हटलंय, तेवढ्याच तुकड्यात काम.

८ डिसेंबर

टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींकडून जिवंत निवट्यांचा एक वाटा घेतला, २०० रुपये. सौ. खूश झाली, पण तीन निवट्या मी बाजूला काढल्यावर तिचा चेहरा पडला. बाकीच्यांना राख लावून साफ केलं आणि रात्री कालवण झालं. तीन जणी टबात, ओल्या चिखलावर. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातूनही श्वास घेते, म्हणून चिखल सुकू द्यायचा नाही, वरून खाडीचं पाणी शिंपडत राहायचं.

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन घेतलं. दुपारभर तेच पाहत बसलो. जे दिसलं ते तेव्हाच लिहून ठेवलं:

ती आपल्यासारखी डावा-उजवा, डावा-उजवा चालत नाही. दोन्ही बाजूचे पर एकदम पुढे नेते, एकदम टेकवते आणि अंग उचलून पुढे टाकते. पाय मोडलेला माणूस दोन कुबड्यांवर चालतो, तसं. पर पुढे जात असताना ती पोटावर आणि खालच्या लहान परांवर टेकलेली असते. म्हणजे तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही. सगळं वजन कायम पसरलेलं आणि पडायला जागाच नाही.

पराला मध्येच एक सांधा आहे. खांद्याशी एक आणि पुढे कोपरासारखा दुसरा. त्या दिवशी ही ओळ लिहिली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याची किंमत पुढे पाच आठवडे.

दुसऱ्या दिवशी तिघींना जिथल्या तिथे सोडून आलो.

१५ डिसेंबर

अंग ठरलं. किराणा भरायचा चौकोनी प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबरी पट्टी, चार बाजूंना क्लिपा, ३४० रुपये. तळ ३० बाय १४ सेंमी, म्हणजे ४२० चौरस सेंमी. सगळं मिळून २.१ किलो भरेल असा अंदाज, म्हणजे दर चौरस सेंमीवर ५ ग्रॅम. खेकड्याच्या ४६५ समोर हा आकडा पाहून बरं वाटलं.

प्रत्येक बाजूला दोन सर्व्हो. एक डब्याच्या आत, त्याचा उभा दांडा झाकणातून वर येतो आणि हात पुढे-मागे फिरवतो. दुसरा त्या हातावरच बाहेर बसवलेला, तो पर वर-खाली करतो. सगळे एमजी९९६आर. शेपटीसाठी एक आणि सुटा एक धरून सहा घेतले, ३८० रुपयांना एक.

२२ डिसेंबर

आज माझीच चूक, आणि तीही माझ्याच धंद्यातली.

झाकणातून वर येणाऱ्या दांड्याजवळून पाणी आत जाऊ नये म्हणून मी पंपाला करतात तसं केलं. पितळेची बुश लेथवर काढली, तिच्यात ग्रीस लावलेल्या ग्लँड डोरीचे (दांड्याभोवती गळती रोखायला गुंडाळतात ती) तीन वेढे बसवले आणि वरून नट आवळला. पाणी ओतून पाहिलं, एक थेंब आत नाही. सर्व्होला करंट दिला, तर तो नुसता घूं घूं करत राहिला, तीन मिनिटांत तापला, वास आला, मेला. ३८० रुपये.

वीस वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलोय की ग्लँड इतकी आवळू नका, ती थेंब थेंब गळायलाच हवी; त्या थेंबांनीच डोरी आणि दांडा थंड राहतात. इथे थेंब चालणार नाही, म्हणजे ग्लँडच चालणार नाही. डोरी काढली, ८ मिमीच्या दांड्यावर दोन ओ-रिंग (रबरी कड्या) बसवल्या, मध्ये सिलिकॉन ग्रीस भरलं. ओ-रिंगा ६० रुपयांच्या. फिरायला हलकं, पाणीही आत नाही. सुटा सर्व्हो पहिल्याच महिन्यात वापरून झाला.

२९ डिसेंबर

दोन आठवडे एका रोगानं छळलं. रोबो तीन पावलं नीट टाकतो, चौथ्याला दोन्ही पर एकदम वर नेऊन थांबतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. सौ. म्हणाली, सलाम करतोय. भाची कोडमध्ये चूक शोधत बसली, रोज रात्री एक-दीड वाजेपर्यंत.

चूक कोडमध्ये नव्हती. चार सर्व्हो एकदम जोर लावायला लागले की व्होल्टेज खाली बसतं आणि आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड, रोबोचं डोकं) रिसेट होतो. एमजी९९६आर अडकला तर एकटाच अडीच अँपिअरपर्यंत खेचतो. आम्ही चौघांना मिळून एलएम२५९६ (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड) लावलेला, त्यावर लिहिलेलेच ३ अँपिअर, आणि तेवढेही तो तापल्याशिवाय देत नाही. मोटर सुरू होताना दिवे मंद होतात हे मी रोज कंपनीत पाहतो. घरी सुचायला दोन आठवडे लागले.

सर्व्होंना वेगळा, जास्त करंट देणारा एक्सएल४०१६, हीटसिंकसकट २४० रुपये. नॅनोला जुना एलएम२५९६, एकटा. सर्व्होंच्या बाजूला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हे जोडल्यावरही एक संध्याकाळ फुकट गेली, कारण दोन्ही बाजूंची निगेटिव्ह एकमेकांना जोडायची राहिली होती आणि पर वेड्यासारखे थडथडत होते.

तरीही मोबाइलवरून ब्लूटूथची आज्ञा आली की पर दचकायचे. नॅनोवर सॉफ्टवेअर सीरियल (ब्लूटूथशी कोडमधून बोलायची पद्धत) आणि सर्व्हो दोन्ही एकत्र चालवले की सिग्नल हलतो. सर्व्होंचे सिग्नल स्वतःच सांभाळणारा पीसीए९६८५ बोर्ड घेतला, ३१० रुपये, दचकणं बंद. ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवशीच घ्यावा.

५ जानेवारी २०२५

काकांनी दोन बादल्या चिखल दिला. बाल्कनीत टब भरून त्यात निवटी सोडली. (नाव आता हेच पडलंय.) चालली! एका पावलाला ५ सेंमी. भाचीनं व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. कुजक्या अंड्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आठ दिवसांची मुदत मिळाली.

१२ जानेवारी

दिवाळे. ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, उजेड थोडाच.

निवटीनं पर टेकवले, मागे ढकलले, ३ सेंमी पुढे गेली. पर उचलायला गेली आणि उचलेनात. उलट अंगच पुढून खाली बसलं. चिखलानं परांचे तळवे धरून ठेवले होते. दुसऱ्या पावलाला पर तिथेच, अंग तिथेच, सर्व्हो घूं घूं. वेग वाढवून पाहिला, ०.७ सेकंदाला एक पाऊल, तर परांनी खाली दोन खड्डे खणले आणि त्यातच ती बसली.

मी वैतागून तिला काढायला चिखलात उतरलो, तर माझाही पाय गुडघ्यापर्यंत. ओढतोय, ओढतोय, चप्पल खालीच. जेट्टीवर जाळं निवडत बसलेल्या आजी बघत होत्या. भाचीला म्हणाल्या, "मामाला सांग गो, पाय सरल वर नको वढू. चिकल पकरतं. टाच तिरपी कर, वारा जाऊं दे आत." टाच तिरपी केली, फस्‌ असा आवाज झाला आणि पाय निघाला. चप्पल गेली ती गेली.

घरी येईपर्यंत दोघंही गप्प. ऐरोलीच्या सिग्नलला भाची म्हणाली, "तो दुसरा सांधा." ८ डिसेंबरच्या नोंदीतली ती ओळ.

सगळा वेळ आम्ही निवटी ढकलते कशी हे पाहत होतो. ढकलणं सोपंच आहे. ती पर काढते कसा, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. रात्री जुना व्हिडिओ पुन्हा लावला. पर आधी एका कडेनं सुटतो, दुमडतो आणि मग वर येतो. सगळं २४० फ्रेममध्ये होतं, महिनाभर मोबाइलमध्ये पडलेलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ खाऊन बाहेरचे दोन सर्व्हो उघडले, कारण हलत नव्हते. आत हिरवट-पांढरा थर, मोटरच्या टोकांवर आणि छोट्या बोर्डावर. परवा मी ते बाहेरून नळाखाली धुतले होते, पण खारं पाणी आधीच दांड्याजवळून आत गेलं होतं. दोन्ही गेले. तीन नवे, १,१४० रुपये.

नव्यांना काय केलं ते लिहितो, कारण यावर आमचे सगळ्यात जास्त पैसे गेले. सर्व्होचे चार स्क्रू काढले, गिअरच्या खान्यात सिलिकॉन ग्रीस गच्च भरलं, दांड्यावर वरून पातळ ओ-रिंग घालून हॉर्न (दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) दाबून बसवला. वायर जिथे आत जाते तिथे एपॉक्सी, जोडांवर सिलिकॉन सीलंट, चोवीस तास सुकू दिलं. आधी फुग्यात गुंडाळायचा प्रयोग केला होता, शिंपल्याच्या तुकड्यानं फुगा पहिल्याच दिवशी फाटला.

चाचणी झाल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं हात हलवत ठेवायचे, मग पुसायचे. उद्यावर ढकलायचं नाही.

१९ जानेवारी

घरी ५ सेंमी आणि दिवाळ्याला शून्य, हे का? टबातला चिखल दोन दिवसांत घट्ट झाला होता, एवढंच. चिखल मोजायला साधं साधन केलं: १० मिमीची सळई, तिला वजन बांधून अर्धा किलो केली आणि ३० सेंमी उंचीवरून सोडली. टबात ६ सेंमी घुसली. काकांना फोन करून तशीच सळई दिवाळ्याला सोडायला सांगितली, तिथे १७. आता टबात खाडीचं पाणी कालवत कालवत १७ येईपर्यंत ढवळायचं, मगच चाचणी. खेकड्याच्या वेळी ही सळई असती तर ५,६३० वाचले असते.

नवा पर. दुसऱ्या सांध्यासाठी आणखी दोन सर्व्हो लावायचे होते, पण पुन्हा वजन, पुन्हा खारं पाणी. भाचीनं वेगळंच केलं. तेलाच्या जुन्या कॅनचा पातळ प्लास्टिकचा तुकडा, ६ बाय ८ सेंमी, हाताला फक्त पुढच्या कडेनं जोडला, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं. बाकीचा तळवा मोकळा. पर खाली दाबला की वरचा हात तळव्यावर टेकतो आणि तळवा सपाट राहतो. उचलला की आधी पुढची कड वर येते, मागचा भाग लोंबतो, वारा आत जातो. सर्व्हो शून्य, खर्च शून्य, ट्यूब सायकलवाल्यानं अशीच दिली. मागची कड १ सेंमी खाली वाकवली, खुरप्यासारखी, ढकलताना पकड मिळावी म्हणून.

१७ सेंमीच्या चिखलात पहिल्याच प्रयत्नाला पर फस्‌ करून सुटला. टाच काढताना होतो तसाच आवाज. बाल्कनीत आम्ही दोघंही हसत सुटलो.

२६ जानेवारी

आता पर सुटतात, पण पोट चिकटतं. डब्याचा सपाट तळ म्हणजे मोठा तळवाच झाला. निवटीचं पोट गोल आणि वर बुळबुळीत. तेलाच्या कॅनचाच आणखी एक मोठा तुकडा घेतला, खालून घसरगाडीसारखा लावला, पुढून वर वाकवलेला, मध्ये थोडा फुगीर. कॅन भंगारवाल्याकडून, ४० रुपये.

वेगही ठरवला. दाबणं ०.४ सेकंद, ढकलणं ०.९, उचलणं ०.४, पुढे नेणं ०.५. एकूण २.२ सेकंदांना एक पाऊल. सगळ्यात जास्त फरक पडला तो ढकलणं सावकाश केल्यानं. भाचीला कॉलेजच्या वाचनात सँडबॉट सापडला: झुरळावरून सुचलेल्या सहापायी आरहेक्सच्या धर्तीवरचा, वाळूत चालवलेला, २००९ सालचा अभ्यास. त्यातही हेच. पाय ठरावीक मर्यादेपेक्षा जोरात फिरवले की चालणं संपतं आणि रोबो जागच्या जागी वाळूत पोहल्यासारखा हातपाय मारत राहतो. १२ जानेवारीचे ते दोन खड्डे आठवले.

२ फेब्रुवारी

चतुर्थी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला सुकती. काकांचा हिशोब असा, आणि आत खाडीत थोडा उशीर धरायचा. पावणेदहाला चिखल उघडा पडला.

चालली. खरोखर चालली. पावलाला ४ सेंमी, मिनिटाला मीटरभर. निवट्या बाजूला सरकत होत्या, एक बिळाच्या तोंडाशी पाठीवरचा पर उभारून उभी राहिली. आजी म्हणाल्या, "ही तं मोठी झाली." काकांनी चहा मागवला.

मग ती थांबेना. सात मीटरवर ब्लूटूथ तुटलं आणि शेवटची आज्ञा "पुढे" होती, त्यामुळे ती पुढेच जात राहिली, पाण्याच्या दिशेनं. भाची मोबाइलवर बोट आपटतेय, मी काठावर ओरडतोय. रोबोला ओरडून काय होणार? काका लुंगी वर खोचून गेले आणि तिला काखेत मारून आणली, पर अजून हलतच होते, लहान पोरासारखे.

९ फेब्रुवारी

तीन दुरुस्त्या. एक, कोडमध्ये: एका सेकंदात मोबाइलकडून काहीच आलं नाही तर थांबायचं. चार ओळींचं काम, आधीच करायला हवं होतं. दोन, एचसी-०५ (ब्लूटूथचा बोर्ड) डब्यातून काढून ३० सेंमी उंच प्लास्टिकच्या काठीवर, वर बाटलीचं बूच उलटं लावून. मैदानात १३ मीटरपर्यंत पोचला. तीन, पातळ दोरी कायम बांधलेली, काहीही झालं तरी ओढून आणता यावी म्हणून.

शेपटीही लावली. हे आमचं डोकं नव्हे. २०१६ मध्ये जॉर्जिया टेक आणि आणखी काही विद्यापीठांच्या संशोधकांनी निवटीच्याच आफ्रिकी जातभाईच्या चालीवरून मडीबॉट नावाचा रोबो केला होता, "सायन्स" या नियतकालिकात तो अभ्यास आला. कोट्यवधी वर्षांपूर्वी पहिले पाठीचा कणा असलेले प्राणी जमिनीवर कसे सरकले असतील हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दिसलं की सपाटीला शेपटीचा फारसा उपयोग नाही, पण वाळूचा चढ लागला की शेपटीनं रेटा दिल्याशिवाय जमत नाही. आमच्या जेट्टीजवळही काठाला चढ आहेच.

१६ फेब्रुवारी

काठाचा चढ मोबाइलनं मोजला, फळी टेकवून: १२ अंश. शेपटी बंद ठेवून: ४ सेंमी पुढे, पर उचलले की ३ सेंमी मागे घसरण. शेपटी परांच्याच वेळी दाबली तर काहीच फरक नाही. भाचीनं वेळ बदलली. पर मागे ढकलून झाले, आता सुटणार, त्या क्षणी शेपटी खाली दाबायची आणि पर पुन्हा टेकेपर्यंत दाबून धरायची. पाचर लावल्यासारखी. आता पावलाला अडीच सेंमी, आणि मागे घसरत नाही. निवटी शेपटीनं रेटते, आमची शेपटी ब्रेकसारखी चालते. सपाटीला बंद ठेवतो, बॅटरी वाचते.

एक नवी कटकट: ट्यूबच्या सांध्यात चिखल साचतो आणि वीसेक पावलांनंतर तळवा दुमडत नाही. सांध्याशी ४ मिमीची फट ठेवली, चिखल आपोआप बाहेर पडायला लागला.

२३ फेब्रुवारी

काकांची फर्माईश. ओहोटीला होडी काठापासून बारा मीटरवर बसते, दोरी न्यायला कुणीतरी मांडीभर चिखलातून जातं. "तुमची मच्छी दोरी नेईल का?" ३ मिमीची नायलॉन दोरी तिच्या मागे बांधली. ओहोटी दुपारी दोनच्या आसपास, ऊन कडक.

चार मीटरपर्यंत झोकात. सहा मीटरला पाऊल ३ सेंमीवर आलं. आठ मीटरला थांबली. निवटीत काही बिघाड नव्हता, दोरीत होता. चिखलात लोळत आलेली आठ मीटर दोरी हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर बोटाएवढा चिखलाचा थर. दोरीऐवजी पतंगाचा साधा दोरा न्यायचा, होडीवर कुणी असेल त्यानं त्याला बांधलेली जाड दोरी ओढून घ्यायची, असं काकांनीच सुचवलं. मग ते स्वतः उतरले, दोरी उचलून होडीला बांधून आले. निवटीला येताना पुन्हा काखेत.

आजवरचा खर्च, खेकडा सोडून, ७,७०० रुपये. त्यात नऊ सर्व्होंचे ३,४२० आणि बॅटरीचे १,४५०. खेकड्यासकट १३,३३०. मेलेले सर्व्हो तीन: एक माझ्या ग्लँडनं, दोन खाऱ्या पाण्यानं.

पुढची चाचणी होळी झाल्यावरच. शिमग्याच्या दिवसांत कोळीवाड्यात कुणालाच फुरसत नसते, आणि आम्हालाही जेवायचं आमंत्रण आहे. तोवर बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची, आणि उजव्या बाहेरच्या सर्व्होची ओ-रिंग बदलायची. तिथे आज ग्रीस पांढरट दिसलं.